आंबरखोलची पाठमोरी

चपला तिथेच, करवंदीच्या जाळीपाशी काढा. खांबाला टेकून फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढून घ्या. गोष्ट अर्धी टाकून मध्येच कोणी उठलेलं इथे चालत नाही. देवीला एक वेळ चालेल, सांगणाऱ्याला चालत नाही.

हां, आता बघा. हे उभे आहेत ते खांब, आणि गवतात लोळताहेत तेही खांबच. अखंड नाहीत. जात्याच्या तळ्या एकावर एक रचाव्यात तसे गोल धोंडे रचलेले. मध्ये ना चुना ना माती. प्रत्येक धोंड्याच्या पोटात भोक, भोकात खुंटी, की बसला धोंडा धोंड्यावर. अंगावरून हात फिरवा, उभ्या पन्हळी लागतील. आमच्या टापूत असे खांब दुसरीकडे कुठे बघायला मिळायचे नाहीत, कारण हे देऊळ आमच्या लोकांनी बांधलेलंच नाही. हे यवनांचं देऊळ. यवन म्हणजे ग्रीक, मिऱ्यांसाठी नि कापडासाठी पश्चिमेकडून गलबतं घेऊन येणारे. छपराची लाकडं वाळवीने खाल्ली, पुढची रांग एका भूकंपात आडवी झाली, बाजूचे चिरे कोणाकोणाच्या जोत्यात गेले. नावं घेत नाही, त्यांतले दोघे इथेच बसलेत. राहिली ती ही मागची भिंत, आणि भिंतीतलं हे भगदाड.

पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: भगदाड कोणी पाडलं? चाच्यांनी? तोफेचा गोळा लागला? नाही हो. आमच्याच बायकांनी पाडलं. आणि आता देवीला एकदा समोरून बघा नि एकदा मागून. समोरून ही यवनीण. कपाळावर कुरळ्या बटा, अंगभर चुण्यांचं वस्त्र, नाक सरळ होतं ते आता झिजलंय. मागून? मागून ही चक्क कोळीण! मानेवर अंबाडा, पाठीवरून आणलेला पदर कमरेला घट्ट खोचलेला. हिची ओटीसुद्धा आम्ही मागून भरतो, त्या भगदाडातून. शेजारच्या गावची माणसं त्यावरून आम्हाला हसतात. हसू देत. एकाच धोंड्यात या दोन बायका कशा आल्या, ते त्यांना कुठे ठाऊक आहे!

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, आमच्या आजोबांनाही ती त्यांच्या आजोबांनी 'फार जुनी' म्हणूनच सांगितली. खाडीच्या तोंडाशी ती काळ्या खडकांची ओळ दिसते ना, तिला आम्ही दाढा म्हणतो. भरतीला दाढा पाण्याखाली असतात आणि तेव्हाच जास्त चावतात. सरत्या पावसात एका साली यवनांचं एक गलबत या दाढांवर चढलं आणि फुटलं. आंबरखोलच्या कोळ्यांनी होड्या घातल्या, मिळाली तेवढी माणसं ओढून काढली. त्यात दामोन नावाचा एक पाथरवट होता, आपल्या मुलखात देवळं बांधणारा. त्याला पाण्यातून काढलं ते केरू तांडेलाने. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, सुकाणू त्याच्या हाती. केरूने त्याला शेंडीला धरून काढलं असं काही सांगतात, पण यवनांना शेंडी नसते, तेव्हा केसांना धरून काढलं असेल.

बुडता बुडता दामोन आपल्या देवीला नवस बोलला होता, म्हणे. वाचलो तर जिथे पाय टेकेन तिथेच तुझं घर बांधीन. वारा फिरला, दुसरी गलबतं आली, त्याचे साथी निघून गेले. हा गेला नाही. हा नवस फेडायला राहिला. गावाने त्याला हे डोंगराचं नाक दिलं, खाणीतला काळा दगड दिला. धोंडे गोल करायला घरटी एक माणूस लागला, उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. देवीची मूर्ती मात्र त्याने झावळ्यांच्या आडोशाला एकट्याने घडवली आणि कोणाला बघू दिली नाही. बैठी, बाईमाणसाएवढीच, पाठ टेकायला काही नसलेल्या दगडी चौरंगावर.

बसवण्याचा दिवस उजाडला. सगळा गाव सजून आला. दार उघडलं, आणि गाव हबकला. देवीचं तोंड डोंगराकडे, आणि पाठ समुद्राकडे! मागे तर आख्खी भिंत, साधा झरोकासुद्धा नाही.

"अरे बाबा, हे काय करून ठेवलंस?" गावच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. "समुद्रवाल्यांची देवी आणि समुद्राकडे बघणार नाय?"

दामोनला एव्हाना आपली भाषा येत होती, तोडकीमोडकी. तो म्हणाला, "आमची रीत अशीच. उगवतीचं पहिलं ऊन देवीच्या तोंडावर पडलं पाहिजे."

समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडे त्याने बोट केलं. सूर्य तिथून वर येतो आणि बरोबर दारातून आत शिरतो, हे मोजूनमापून त्याने देऊळ उभं केलं होतं. त्याच्या रीतीने त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे मात्र समुद्राकडे पाठ करून बसलेला देव कोणी ऐकला होता? म्हातारे म्हणाले, ज्याचा देव त्याला ठाऊक. नारळ फोडले, प्रसाद खाल्ला, घरी गेले. पण मनात ते राहिलंच. आणि सगळ्यांत जास्त राहिलं ते नवशीच्या.

नवशी म्हणजे केरू तांडेलाची बायको. नवसाने झालेली म्हणून नवशी. बोलायला फटकळ, कामाला वाघीण, आणि नवऱ्यावर जीव असा की होडी खाडीबाहेर पडून दिसेनाशी होईस्तोवर ही खडकावरून हलायची नाही. बायका चिडवायच्या, "अगो, नजरेने ओढून आणशील त्याला!" ती म्हणायची, "आणीन!" देऊळ बघून आल्यावर ती सासूला म्हणाली, "आये, मला नाय पटली ही देवी. जी माझ्या माणसाकडे बघत नाय, तिला मी कशाला हात जोडू?"

सासूचं नाव धोंडाय. तिने सुनेला झापलं. "देवाला नावं ठेवू नये गो पोरी."

त्याच साली हस्त नक्षत्रात वादळ झालं. हस्ताचा पाऊस ज्याने समुद्रावर अनुभवलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला सांगून कळायचं नाही. गावच्या होड्या बाहेर होत्या. कोणी पुढच्या बंदराला लागलं, कोणी शिडं फाडून घेऊन परत आलं. हळूहळू सगळे आले. केरूची होडी तेवढी आली नाही. ती आणि तिच्यावरची माणसं, कोणाचा पत्ता नाही.

वाट बघता बघता पाऊस ओसरला, गवत पिवळं पडलं. गावात लोक हळू आवाजात बोलायला लागले. बाराव्या-तेराव्याचं काय करायचं, असा विषय कोणीतरी धोंडायपाशी काढला. नवशीने तो ऐकला. ती उठली, घरातली पहार घेतली आणि भर दुपारी चढ चढून इथे आली. या भिंतीच्या मागच्या अंगाला उभी राहिली आणि घातली पहार चिऱ्याच्या सांध्यात.

आवाज ऐकून माणसं धावली. "वेडी झालीस काय? देवाची भिंत फोडतेस?" नवशी म्हणाली, "देवीला समुद्र दिसायला हवा. तिने तिकडे बघितलं असतं तर होडी परत आली असती. अजून वेळ गेलेली नाय. सरा बाजूला."

बापे, म्हणजे गडीमाणसं, समजवायला पुढे झाले, पण पहार फिरत होती, जवळ जाणार कोण? एवढ्यात धोंडाय धापा टाकत वर पोचली. सगळ्यांना वाटलं, आता सासू हिला केसाला धरून खाली नेणार. धोंडायने एकदा सुनेकडे बघितलं. मग पदर खोचला, वाकली, आणि निखळलेला पहिला चिरा उचलून बाजूला नेऊन ठेवला. ते बघून केरूबरोबर गेलेल्या माणसांच्या बायका एकेक करून पुढे झाल्या. मग गावाच्या होकाराची वाट बघायला कोण थांबतंय!

दामोन पोचला तेव्हा भिंतीत हात जाईल एवढं भोक पडलं होतं. किती उन्हाळे राबून फेडलेला नवस, आणि बायका तो पहारीने उकरताहेत! त्याच्या तोंडून आपली भाषा पळाली, तो यवनी भाषेत ओरडायला लागला. त्याने नवशीच्या हातातली पहार धरली. ती सोडीना.

तेव्हा धोंडाय मधे आली. आवाज न चढवता बोलली, असं सांगतात. "दामोना, त्या दाढांवरून तुला ओढून काढला तो माझा केरू. त्याने विचारलं नाय तुला, तुझं तोंड कुठल्या दिशेला म्हणून. त्याच्यासाठी तुला चार धोंडे जड झाले काय रे?"

दामोनने पहार सोडली. तो खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. मग उठला आणि म्हणाला, "असे ओढलेत तर छप्पर डोक्यात येईल. थांबा."

त्याने स्वतः दाखवलं, कुठला चिरा आधी काढायचा, कुठला हलवायचा नाही, वरच्या वजनाला आडवा दगड कुठे घालायचा. आपणच बांधलेली भिंत तो आपल्या हातांनी उघडत होता. बघताय तो वरचा आडवा दगड? त्याच दिवसांतला तो. देवीच्या बैठकीपासून वर आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस, असं हे भगदाड झालं. शेवटचा चिरा निघाला, उजेड आत गेला, आणि बायकांना देवीची पाठ दिसली.

म्हणजे काय दिसलं? काहीच नाही. नुसता ओबडधोबड दगड, छिन्नीचे घाव तसेच. भिंतीकडची बाजू कोण बघणार, म्हणून दामोनने ती घडवलीच नव्हती. त्यांच्याकडे तसं करतात, म्हणे.

"अगो बाय माझे," धोंडाय म्हणाली, "हिला पाठच नाय!"

एवढ्या दुःखातही बायका हसल्या. दामोन लाजेने लाल झाला. नवशी मात्र हसली नाही. तिने त्या खरबरीत दगडावर हात ठेवला. इतके दिवस ज्या बाईवर ती रागावली होती, ती अशी मागून उघडीबोडकी अर्धवट बसलेली बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिला म्हणे त्या देवीची माया वाटली. ती थकली होती. भगदाडाच्या काठावर ती समुद्राकडे तोंड करून बसली आणि देवीच्या पाठीला पाठ लावून टेकली.

आता एवढं करून काय झालं? देवी काही वळली नाही. तिचं तोंड खिंडीकडे होतं ते खिंडीकडेच राहिलं. गावातले काही म्हणायला लागले, भिंत फोडली, पुण्य घालवलं, होडी ती नाहीच आली. नवशी रोज पहाटेचं काम आवरून उजाडता उजाडता इथे येऊन बसायची. म्हणायची, "ती तिकडे बघते ना? बघू दे. तिला दिसत नाय तेवढं मी बघते."

कार्तिक लागला. एका सकाळी समुद्रावर धुकं बसलं होतं, दाट पण ठेंगणं, वरून बघावं तर कापूस अंथरल्यासारखं. दाढा त्याखाली, खाडीचं तोंड त्याखाली. नवशी बसली होती. आणि तिला धुक्यातून वर आलेलं डोलकाठीचं टोक दिसलं. मोडलेली, दोरखंडाने बांधून जोडलेली डोलकाठी, पण तिच्या टोकाला तिने स्वतः बांधलेलं लाल फडकं.

केरू होता तो! वादळाने त्यांना दूर दक्षिणेला नेऊन एका ओसाड बेटावर टाकलं होतं. फळ्या जोडत, जंगलातली लाकडं तोडत, उपाशीतापाशी त्यांनी होडी पुन्हा उभी केली होती आणि किनारा धरून घर गाठलं होतं. आणि आता घराच्या दारात, धुक्यात वाट न दिसून, होडी सरळ दाढांवर येत होती.

नवशी ओरडली. पण लाटांच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार! ती उठून भगदाडात उभी राहिली, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी उत्तरेकडे फेकायला लागली. उत्तरेच्या अंगानेच खाडीत शिरायची वाट आहे, आजही. तिकडून! तिकडून या! धुक्यातल्या माणसांना सावलीतल्या काळ्या भिंतीतली एक बाई दिसणार कशी?

त्याच वेळी खिंडीतून सूर्य वर आला. दामोनने मोजला होता तसा, बरोबर दारातून आत शिरला, देवीच्या तोंडावर पडला. आणि तिच्या दोन्ही खांद्यांवरून, बायकांनी फोडलेल्या भिंतीतून, सरळ समुद्रावर गेला.

होडीवरच्या माणसांनी वर बघितलं. धुक्याच्या वर काळं देऊळ, देवळाच्या पाठीला उजेडाचं दार, आणि त्या दारात उभी एक बाई, पदर उत्तरेकडे उडवते आहे. केरूने सुकाणू फिरवलं. दाढांचा फेस होडीला चाटून गेला, म्हणे, पण दात लागले नाहीत.

खाली पुळणीच्या वाळूवर सगळा गाव गोळा झाला. रडणं, हसणं, कोणी कोणाच्या गळ्यात पडावं याला धरबंध राहिला नाही. केरू गुडघे टेकून, वर देवळाकडे हात जोडून सांगत होता, "देवी उठली! आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, पदराने वाट दाखवली! या डोळ्यांनी बघितलं." बरोबरचे सगळे माना हलवत होते.

नवशी धावत उतरून आली होती, तिचा श्वास अजून बसला नव्हता. तिने तोंड उघडलं. धोंडायने तिला दंडाला चिमटा काढला.

"गप गो," सासू हळूच म्हणाली. "देवी उठली म्हणतायत तर उठली. तुला तिथे बसवली कोणी?"

नवशी गप्प बसली. नवरा परत आला होता, तिला आणखी काय पाहिजे होतं! कोण उठलं नि कोण बसलं, याचा हिशेब तिला नकोच होता. दुसऱ्या दिवशी ती काढलेले चिरे परत लावायला निघाली, तर दामोनने तिला अडवलं. भिंत आता अशीच राहील, तो म्हणाला. फक्त माझं एक काम अर्धं राहिलंय, ते पुरं करायला मला तुझी मदत लागेल.

भगदाडावर झावळ्यांचा आडोसा बांधला. आत दामोनची छिन्नी वाजायची, आणि नवशी आडोशाच्या आतच, त्याच्याकडे पाठ नि समुद्राकडे तोंड करून रोज बसायची. सोबतीला धोंडाय असायची, पान खात आणि यवनाला सूचना करत. "पदर असा नाय रे, घट्ट खोचलेला काढ. आमची देवी काय पडून राहणारी आहे?" गावाला एवढंच सांगितलं होतं की देवीला पाठ येते आहे.

पुरी झाली तेव्हा पहिला मान केरूचा. त्याने नारळ आणला होता आणि बकुळीची मोठी वेणी. झावळ्या काढल्या. देवीची पाठ उन्हात आली. लोक वाहवा करायला लागले. केरू मात्र एकदम थबकला. नवशी डावरी होती. डाव्या हाताने घातलेला तिचा अंबाडा नेहमी उजवीकडे कलायचा. चुलीपुढे बसलेल्या बायकोच्या मानेवर तो अंबाडा केरूने लग्न झाल्यापासून रोज पाहिलेला. दगडातला अंबाडा उजवीकडे कललेला होता.

मग वळून त्याने नवशीकडे बघितलं. ती भलतीकडेच, समुद्राकडे बघत होती आणि ओठ दाबून हसत होती.

"म्हणजे त्या दिवशी..." केरू म्हणाला.

"नारळ फोडा आधी," नवशी म्हणाली. "सगळी खोळंबलीत."

केरूने नारळ फोडला. वेणी हातात घेतली, देवीच्या अंबाड्याकडे नेली आणि थांबला. मग सगळ्या गावादेखत त्याने ती मधोमध तोडली. अर्धी देवीला माळली. उरलेली अर्धी बायकोच्या अंबाड्यात खोवली. त्या काळी चार माणसांत नवऱ्याने बायकोच्या केसाला हात लावायचा म्हणजे काय! म्हातारे खोकायला लागले, पोरी खिदळल्या, धोंडायने पदर तोंडाला लावून पाठ फिरवली.

मार्गशीर्षात वारा फिरला, यवनांची गलबतं घराकडे निघाली, त्यांच्याबरोबर दामोनही गेला. नवस आता पुरा फिटला, असं तो जाताना म्हणाला म्हणतात. त्याचं देऊळ पुढे मोडलं, पडलं, त्याला आमचा इलाज नव्हता. पण हे भगदाड बुजवायचं कोणी मनात आणलं नाही. मागे एकदा शहरातले एक साहेब आले होते, भिंत नीट बांधून देतो म्हणाले. बायकांनी त्यांना चहा पाजला, पोहे दिले आणि जायची वाट दाखवली.

आजही कोणाची होडी वेळेवर आली नाही, तर त्या घरची बाई इथे येते आणि देवीच्या पाठीला पाठ लावून समुद्राकडे बघत बसते. आता मोबाइल आहेत, वायरलेस आहे, तरी येते. तिला कोणी हाक मारत नाही, घरी चल म्हणत नाही. खालून जाणारी माणसं वर बघतात आणि म्हणतात, देवी आज समुद्राकडे बघते आहे. आणि होडी आली की तांडेल मासळी तशीच टाकून आधी वर चढतो, वेणी घेऊन. अर्धी देवीची, अर्धी घरवालीची. मधोमध तोडावी लागते बरं का. आखूड तुकडा घरवालीच्या वाट्याला आला तर देवी काही बोलत नाही, पण घरी पोचेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.